‘आजी घरीच आहे ना!’ : आमचा उन्हाळ्याचा प्लॅन, गच्चीवरची झाडं आणि शेरू

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

कसे आहात? पाणी पिताय ना? मी नागपूरहून बोलतेय, त्यामुळे मार्च संपत आला की आमच्याकडे ‘कसे आहात’च्या आधी ‘पाणी पिताय ना’ विचारतात. गुढीपाडवा झाला, कूलर खाली काढून झाले, खसच्या ताट्या बदलून झाल्या. आता जूनपर्यंत आमचं शहर दुपारी बारा ते पाच बंद, असंच समजा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आम्हाला त्याचं काही विशेष वाटत नाही. फक्त त्या दिवशी कोणी कोणाला दुपारी घरी बोलावत नाही.

तर दर वर्षी या सुमाराला आमच्या घरी जेवताना एक मीटिंग होते. उन्हाळ्याचं काय करायचं? बाबांना चार दिवस चिखलदऱ्याला जायचं असतं. आईला मावशीकडे पुण्याला. भावाला मित्रांबरोबर कुठेही, फक्त घरी नाही. आणि मला गच्चीवर काहीतरी नवीन करायचं असतं. यंदाही मीटिंग झाली. तारखा ठरल्या. मी विचारलं, “आणि शेरू? झाडं?” तर भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला, “आजी घरीच आहे ना.”

आजीपण म्हणाली, “हो, मी कुठं जाऊन राहिली?”

विषय संपला. खरं सांगू? मलाही त्यात काही खटकलं नाही. दर वर्षी असंच होतं.

रात्री पाणी प्यायला उठले, तर आजी अंधारात पलंगावर बसून फोनवर बोलत होती. पलीकडे तिचा धाकटा भाऊ. आजीचं माहेर पवनीजवळ, वैनगंगेच्या काठच्या पट्ट्यात. मे महिन्यात तिची सगळी भावंडं तिथे जमतात. आता ‘सगळी’ म्हणजे चारच उरलीत. आजी सांगत होती, “नाही जमणार रे यंदाही. कुत्रं आहे, झाडं आहेत. कोणाच्या भरोशावर टाकू?”

‘यंदाही’ हा शब्द मला लागला. मी मनात हिशोब केला. शेरू आमच्याकडे आला त्याला नऊ वर्षं झाली. आजी मे महिन्यात माहेरी गेली नाही, त्यालाही नऊच वर्षं झाली.

आणि माहेर किती लांब? बसने दोन-अडीच तास.

एक यादी

दुसऱ्या दिवशी मी आजीच्या मागे मागे फिरले. वही घेऊन. ती म्हणाली, “काय जनगणना चालली आहे का?” मी म्हटलं, “हो.”

पहाटे पाचला ती गच्चीवर जाते. ऊन यायच्या आत सगळ्या कुंड्यांना पाणी. आमच्याकडे एकूण ६२ कुंड्या आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यातल्या निम्म्या मी आणलेल्या! मोगरा, कढीपत्ता, लिंबू, तुळस, अडेनियम, भेंडी-गवारच्या ग्रोबॅग. मग पक्ष्यांची पसरट कुंडी घासून नवं पाणी. हे घासणं महत्त्वाचं आहे बरं का. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास व्हायला आठवडाभर पुरतो. त्यामुळे पक्ष्यांचं पाणी असो की कूलरची टाकी, नुसती वरून भर घालून चालत नाही. रिकामी करायची, घासायची, मग भरायची.

साडेपाचला शेरूला फिरवणं. मग कूलरमध्ये पाणी. चिंगी, म्हणजे आमची मांजर, तिला दूध नाही, तिचं खाणं. (मांजराला दूध हवंच, हा गैरसमज आहे. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही.) दुपारी दर तासाला शेरूवर एक नजर. चारला पुन्हा कूलर. संध्याकाळी पुन्हा गच्ची. मध्ये कुरड्या वाळत घातलेल्या असतील तर त्यावरून चिंगी चालत जाऊ नये म्हणून राखण. गेल्या वर्षी ती गेली होती. कुरड्यांवर पंजे उमटले होते. आम्ही त्या तळून खाल्ल्या, पण ते जाऊ दे.

यादीत १७ कामं झाली. मी ती फ्रिजवर लावली. बाबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. म्हणाले, “हे सगळं आई करते?”

तेव्हा ठरलं. यंदाचा आमचा उन्हाळ्याचा प्रोजेक्ट एकच. आजीला मे महिन्यात पाच दिवस माहेरी पाठवायचं. अक्षय तृतीयेच्या आसपास, म्हणजे नवतपाच्या बऱ्याच आधी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवतपा म्हणजे साधारण २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत कोणी प्रवासाचं नाव काढत नाही.

सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण आजी म्हणाली, “आणि मागच्या वर्षीसारखं झालं तर?”

त्यावर कोणी काही बोललं नाही. का, ते पुढे सांगते. आधी झाडांचं सांगते, कारण झाडांचं सोपं आहे.

गच्चीवर काय केलं

पहिलं काम, कुंड्यांची जागा बदलली. आतापर्यंत जागा मिळेल तिथे कुंडी ठेवलेली होती. आता तहानलेल्या कुंड्या एका बाजूला, कमी पाण्यावर राहणाऱ्या दुसऱ्या बाजूला. अडेनियम, बोगनवेल, कोरफड यांना ऊन चालतं, ती बाहेर. मोगऱ्याला पण ऊन हवं, नाहीतर फुलं कमी येतात. पालेभाज्या, तुळस, लहान रोपं हिरव्या नेटखाली. नेट ५० टक्क्यांची घेतली, म्हणजे निम्मं ऊन अडतं. ती झाडांना चिकटून बांधू नका, खाली गरम हवा कोंडते. सात-आठ फूट उंच बांधा आणि दोऱ्या पक्क्या ठेवा, कारण मे महिन्यातलं एखादं अवकाळी वादळ आलं की नेट थेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर.

दुसरं, माती झाकली. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, उसाच्या रसवाल्याकडची वाळवलेली चिपाडं, काहीही चालतं. दोन-तीन इंचांचा थर द्यायचा, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. मातीवर थेट ऊन पडलं नाही की ओल टिकते, एवढं साधं आहे. एक सूचना, चिपाडं नीट वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांना पार्टी. हे अनुभवाचे बोल आहेत.

तिसरं, पाच दिवस पाणी कसं पोचवायचं? इथे आमच्या घरात दोन पक्ष पडले. भावाने ऑनलाइन ठिबकचा किट मागवला, टायमरवाला. मी म्हटलं, आपण देशी करू. मी आधी बाटल्या उलट्या खोचून बघितल्या. कोकोपीटवाल्या मोकळ्या मातीत बाटली तासाभरात रिकामी. नापास. मग जुन्या सुती साडीच्या चिंध्यांच्या वाती केल्या. बादली थोडी उंच ठेवायची, वातीचं एक टोक पाण्यात, दुसरं मातीत दोन-तीन इंच आत. वात आधी पूर्ण भिजवून घ्यायची. लहान कुंड्यांसाठी हे मस्त चालतं.

मोठ्या ग्रोबॅगसाठी आजीने उपाय दिला. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. दर वर्षी नवी घागर येते आणि जुनी जिन्याखाली जाते, कारण आजी काहीच फेकत नाही. तिथे सात-आठ लहान-मोठ्या घागरी निघाल्या. गळ्यापर्यंत मातीत पुरायच्या, पाणी भरायचं, वर झाकणी ठेवायची. कच्च्या, चकाकी न दिलेल्या मातीतून पाणी हळूहळू झिरपतं. आजूबाजूची माती कोरडी झाली की जास्त ओढलं जातं, ओली असली की कमी. म्हणजे टायमर नको, वीज नको. पण जुन्या घागरींची छिद्रं आपल्या जड पाण्याच्या क्षारांनी बुजलेली असतात. बाहेरून काथ्याने घासून, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. घासल्यावर आमच्या भेंडीच्या ग्रोबॅगमधली घागर तीन दिवस पुरली.

भावाचं ठिबकपण लावलंय हां, मी काही कट्टर नाही. बोअरच्या पाण्याने त्याच्या दोन तोट्या पहिल्याच आठवड्यात तुंबल्या, मग त्याने फिल्टर बसवला. आता चालतंय.

आणि चौथं काम, जे मला सगळ्यात जड गेलं. ६२ मधल्या १८ कुंड्या देऊन टाकल्या. शेजारच्या काकूंना, माझ्या मैत्रिणीला, भावाच्या कॉलेजमधल्या एकाला. कारण मी हौसेने आणत होते आणि पाणी आजी घालत होती. वाचताना तुम्हालाही थोडं टोचलं असेल तर सॉरी, पण नर्सरीतून शंभर रुपयांचं रोप आणताना आपण त्याला रोज कोण पाणी घालणार हे विचारतच नाही.

मागच्या वर्षीची दुपार

आता शेरूबद्दल. शेरू देशी कुत्रा आहे, २२ किलोचा, नऊ वर्षांचा, म्हणजे आता आजोबाच. मागच्या मे महिन्यात एक दिवस दुपारी दीडला लाइट गेली. आम्ही सगळे बाहेर. शेरू समोरच्या खोलीत कूलरपुढे झोपलेला. कूलर बंद झाला. आमच्या इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही, फक्त पंखे चालतात, आणि त्या खोलीतला पंखा बंद होता. आजी आत पडली होती. अर्ध्या तासाने तिला त्याच्या धापा टाकण्याचा आवाज वेगळा वाटला. बाहेर येऊन बघते तर तोंडातून घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, आणि उठायला गेला तर मागचे पाय लटपटले.

कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना थोडासा येतो, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हवाच तापलेली असली की तेही पुरत नाही. आणि मग वेळ फार कमी असतो.

आजीने त्याला ओढत मोरीत नेलं, साधं पाणी अंगावर ओतलं, पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर. मग ओल्या फरशीवर पंख्याखाली झोपवलं. काकूंना हाक मारली, त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, रिक्षा बोलावली. डॉक्टर नंतर म्हणाले, पाणी टाकत टाकत आणलंत म्हणून वाचला.

तुमच्याकडे कुत्रा असेल तर हे लक्षात ठेवा. सावलीत न्या, साधं गार पाणी अंगावर सतत टाका, वारा द्या, आणि लगेच डॉक्टर. बर्फाचं पाणी ओतत बसू नका. ओला टॉवेल गुंडाळून तसाच ठेवू नका, थोड्या वेळाने तोच गरम होतो आणि आतली उष्णता अडवतो. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्या, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. आणि बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतल्या अवयवांना झालेला त्रास नंतर कळतो. पगसारखे चपट्या नाकाचे, म्हातारे आणि जाड कुत्रे असतील तर जास्तच जपा.

तर आजीचा प्रश्न हा होता. “त्या दिवशी मी घरी नसते तर?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. भाऊ म्हणाला, कॅमेरा लावू. आजी म्हणाली, “कॅमेरा पाणी ओतणार आहे का?” मग आम्ही कुत्र्यांना ठेवून घेणाऱ्या एका ठिकाणी जाऊन आलो. जागा स्वच्छ होती, पण दुपारी लाइट गेली तर काय, यावर तिथल्या माणसाने “बघू ना” म्हटलं. आम्ही परत आलो. शेरूला खोली थंड ठेवण्यासाठी जे करता येतं ते सगळं केलं. समोरच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर कायम चालू, कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी, कारण हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता दमटपणा करतो. पाण्याची दोन भांडी, एक सांडलं तर दुसरं. पण शेवटी सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबलो. झाडांना घागर चालते. शेरूसाठी घरात माणूसच पाहिजे.

मग प्रश्न उरला, की ते माणूस दर वेळी आजीच का?

पाच दिवस, चार माणसं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्यासाठी रजा टाकली. एक दिवस. माझे दोन दिवस घरून काम. आईचा एक. भावाची परीक्षा तोवर संपते, त्याचा एक. एवढंच होतं हो! नऊ वर्षं आम्हाला हे गणित आलं नाही, कारण कोणी मांडलंच नव्हतं.

रंगीत तालीम

मागच्या शनिवार-रविवारी ट्रायल घेतली. आजीला आत्याकडे पाठवलं, गावातच. अट एकच, फोन करायचा नाही. तिने ११ वेळा केला.

निकाल सांगते. भाऊ शेरूला घेऊन सकाळी साडेआठला बाहेर पडला. मी ओरडले, “हात लावून बघ रस्त्याला!” ही सोपी टेस्ट आहे, तळहाताची मागची बाजू डांबरावर ठेवा आणि सात आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही झेपणार नाही. भाऊ चार आकड्यांवर थांबला. २२ किलोचा शेरू उचलून आणला त्याने. आता तो साडेपाचचा अलार्म लावतो. लावतो म्हणते मी, उठतो म्हणत नाही.

कढीपत्त्याला तिघांनी तीन वेळा पाणी घातलं आणि पक्ष्यांच्या कुंडीत कोणीच नाही. म्हणून आता जिन्याच्या भिंतीवर खडूची पाटी आहे. काम केलं की खूण करायची. चिंगीने नव्याने पेरलेल्या चवळीची माती उकरून तिचं बाथरूम केलं. त्यावर काटेरी फांद्या आणि करवंट्या अंथरल्या, आणि तिला कोपऱ्यात वाळूचा वेगळा ट्रे दिला.

आणि एक चूक होता होता राहिली. उन्हाळ्यात गोचीड वाढतात, शेरूच्या कानात दोन सापडल्या. आई म्हणाली, शेरूचं औषध चिंगीलाही थोडं लावू का? नाही! कुत्र्यांच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजरांसाठी विषारी आहे. दोन्ही प्राणी घरात असतील तर डॉक्टरांना तसं सांगूनच औषध घ्या.

रविवारी संध्याकाळी आजी आली. चप्पल काढली आणि थेट गच्चीवर. एकेका कुंडीत बोट घालून बघितलं. कढीपत्त्यापाशी थांबली. “याला पाणी जास्त झालं.” मग खाली येऊन शेरूजवळ बसली, त्याचे कान उलटे करून तपासले, पंजे तपासले. आम्ही चौघं निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे. ती काही बोलली नाही. जेवली, झोपली.

मला वाटलं, गेलं सगळं.

सकाळी बघते तर माळ्यावरची तिची जुनी बॅग खाली होती आणि ती ओल्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, “सकाळी सहाच्या बसने जाईन. उन्हाच्या आत पोचते. तिकीट तर मला लागत नाही.” पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे ना, त्याचा तिला फार अभिमान आहे. मग म्हणाली, “पण पाचच दिवस. आणि रोज दुपारी दोन वाजता शेरूचा फोटो पाठवायचा. झोपलेला नको, बसलेला.”

मी म्हटलं, “तो दुपारी बसतच नाही आजी.”

“मग उठव.”

तर मंडळी, आमचा उन्हाळ्याचा प्लॅन असा आहे. चिखलदरा नंतर, पुणे नंतर. घागरी पुरून झाल्यात, पाटी तयार आहे, अलार्म लागलेत. सगळं नीट होईलच असं मी म्हणत नाही, लाइट कधीही जाऊ शकते. पण या वेळी लाइट गेली तर मोरीत पाणी ओतायला कोण असेल, ते पाटीवर लिहिलेलं आहे, आणि तिथे आजीचं नाव नाही.

तुमच्या घरी उन्हाळ्याच्या गप्पा चालू असतील, तर एकदा विचारून बघा, सगळे गेल्यावर घरी कोण थांबतं? त्या माणसाला कुठे जायचं होतं का? उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा. गच्चीचे, कुत्र्या-मांजरांचे फोटो तर पाठवाच. आजी परत आली की तिला इथे बोलवेन, तिच्या तोंडूनच ऐकू पाच दिवस कसे गेले ते.

तोपर्यंत, बाहेर एक पसरट भांडं पाण्याचं ठेवा, रोज घासा, आणि स्वतःही पाणी प्या. भेटू पुढच्या भागात!